घरातल्या पोषणाला गळती कुठे लागली आहे, ते कसं शोधायचं?

हिमोग्लोबिन ९ आलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो. बीट खा, खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा. आहारसल्ल्याचं काम करताना मी हाच आकडा तीन अगदी वेगळ्या माणसांच्या कागदावर पाहिला. पहिली पुण्यातली नोकरदार मुलगी. लग्नाआधी दहा किलो उतरवायचे म्हणून ती चार महिने सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी-गाजर आणि रात्री सूप एवढ्यावर राहिली होती. दुसरा पंचेचाळिशीतला गृहस्थ. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, सोबत शेव, आणि मग न जेवताच झोप. तिसरी ऊसतोडीला जाणारी बाई. तिचं रेशन कार्ड गावी पेटीत आणि कोयता सहा महिने परजिल्ह्यात. तिघांनाही घरच्यांनी बीटच खायला सांगितलं होतं.

बीट वाईट नाही. पण माठाला भोक कुठे आहे हे न पाहता वरून पाणी ओतत राहिलं, तर माठ भरत नाही. तुमच्या घरात पोषण कुठून गळतंय ते आधी शोधायचं, मग बुजवायचं. घरातल्या कुणालाही करता येईल अशा क्रमाने ते इथे मांडते आहे. वही, पेन, शिंप्याची टेप आणि वजनकाटा एवढं साहित्य पुरतं.

पायरी पहिली : सात दिवसांची वही

सलग सात दिवस घरातल्या प्रत्येकाने काय खाल्लं ते लिहा. ‘वरण-भात’ एवढं लिहून चालत नाही. किती वाट्या, वरण दाट की पातळ, कुणाच्या ताटात किती, आणि कोण कितव्या पंगतीला बसलं, हे सगळं लिहायचं. चहाचे कप लिहा. बाहेर खाल्लेला वडापाव लिहा. प्यायलेली दारूही लिहा, आणि ती लिहिताना ओरडाआरडा करू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून वही खोटं बोलायला लागते.

एका घरी मी संध्याकाळी बसून हे पाहिलं होतं. त्या बाईने नऊ भाकऱ्या थापल्या. सासऱ्यांना दोन, नवऱ्याला तीन, मोठ्या मुलाला दोन, मुलीला एक. दुरडीत एक उरली. तेवढ्यात मुलाने अर्धी आणखी मागितली. शेवटी ती बसली तेव्हा तिच्या पुढ्यात अर्धी भाकरी, पातेल्याला लागलेलं कालवण आणि वर चहा. विचारलं तर म्हणाली, “मला भूकच नसते हो.” त्या घरात धान्य कमी नव्हतं, दूधही होतं. तिच्यापर्यंत पोचत नव्हतं एवढंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. यात मासिक पाळी आणि बाळंतपणाचा वाटा मोठा आहेच, पण दुरडीत शेवटी काय उरतं याचाही आहे.

वहीसोबत महिन्याच्या किराणा यादीवरून आणखी एक गणित करा. घरात महिन्याला येणारी सगळी डाळ आणि कडधान्यं ग्रॅममध्ये लिहा, त्याला माणसांनी भागा, मग तीसने भागा. पाच माणसांच्या घरात तीन किलो डाळ येत असेल तर माणशी रोज २० ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दिवसभराच्या ताटात दोन हजार कॅलरींमागे साधारण ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य धरलेलं असतं (मांसाहार करणाऱ्यांनी यातला थोडा भाग अंडी-मासे-मटणातून भरून काढला तरी चालतो). हेच गणित तेलाचं करा. तिथे माणशी रोज २७ ग्रॅमच्या आसपास पुरे आहे, म्हणजे चौघांना महिन्याला सव्वातीन किलो. बहुतेक घरांत डाळ कमी निघते आणि तेल जास्त. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठे लिहून ठेवा.

पायरी दुसरी : टेप, काटा आणि रक्त

वजन एकट्याने फार काही सांगत नाही. उंचीशी ताडून पाहा. १५५ सेंटीमीटर उंचीच्या प्रौढ बाईचं वजन साधारण ४४ ते ५५ किलोंमध्ये असावं. पोटाचा घेर बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंटीमीटरच्या आत. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी शरीरयष्टी आपल्याकडे फार दिसते. अशा माणसाचं वजन काट्यावर ‘नॉर्मल’ येतं, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त असते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजा. डावा दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधोमध, टेप घट्ट आवळायची नाही. १२.५ सेंटीमीटरच्या खाली आलं तर अंगणवाडीत जा. ११.५ च्या खाली आलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. ते तीव्र कुपोषण आहे, घरच्या खाऊने भरून निघण्यासारखं नाही.

रक्तात हिमोग्लोबिन बाईचं १२, गरोदर असेल तर ११ आणि पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पण नुसतं हिमोग्लोबिन करून थांबू नका, पूर्ण रक्तगणना करा. तांबड्या पेशी लहान असतील तर बहुधा लोह कमी असतं. मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फोलेट ही जीवनसत्त्वं कमी असण्याची शक्यता असते, आणि दारू पिणाऱ्यांतही त्या मोठ्या दिसतात. सुरुवातीच्या तिघांतल्या त्या गृहस्थाच्या पेशी मोठ्या होत्या. त्याला दोन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि आकडा जागचा हलला नाही, त्याचं कारण हे. नंदुरबार, गडचिरोली अशा आदिवासी भागांतल्या कुटुंबांनी सिकलसेलची (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही करून घ्यावी. तिथे रक्त कमी असण्याचं कारण ताटाबाहेरचं असू शकतं.

पायरी तिसरी : डाएट चालू असेल तर

वजन उतरवण्यात काही गैर नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी या सगळ्यांत त्याचा फायदा होतो. नुकसान करते ती घाई. आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग आहे आणि दिवसाचं खाणं १००० कॅलरींच्या खाली कधीच जाऊ नये. फार भरभर वजन उतरलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि केस गळायला लागतात. केसांचं एक लक्षात ठेवा, ते दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर डाएट विसरलेलं असतं आणि दोष शाम्पूला जातो.

आधी प्रथिनांची जमा मांडा. प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. एका भाकरीतून चार-पाच ग्रॅम मिळतात. वाटीभर दाट वरणातून सहा-सात, मटकीच्या उसळीच्या वाटीतून सात-आठ, एका अंड्यातून सहा, ग्लासभर दुधातून सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांतून सात. सुरुवातीच्या त्या कॉफी-काकडीवाल्या मुलीची दिवसभराची बेरीज वीसलाही पोचत नव्हती. तुमची बेरीज चाळीसच्या खाली येत असेल तर डाएट आधी दुरुस्त करा, वजनाचं नंतर बघू.

मग काय कमी करायचं? पहिल्यांदा चहातली साखर. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी, आणि त्यातून शरीराच्या कामाचं काहीच नाही. मग फरसाण, बिस्किटं, तळण, फोडणीतलं जास्तीचं तेल. त्यानंतर भाताची एक वाटी. डाळ, उसळ, अंडं, दही आणि पालेभाजी यांना हात लावायचा नाही. आपल्याकडे होतं नेमकं उलटं. भाकरी-वरण बंद होतं आणि चहा-बिस्किट चालू राहतं.

‘दोनदाच जेवायचं’ हा प्रयोग महाराष्ट्रात घराघरांत झाला आहे, आणि काहींना तो मानवतोही. पण दोन जेवणांत दिवसभराची प्रथिनं आणि भाज्या बसवायच्या तर ती दोन्ही ताटं भरगच्च हवीत. गरोदर व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुलं, आणि इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे मधुमेही यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तो करू नये. औषध तेवढंच ठेवून जेवण कमी केलं की साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, गोंधळलेपण अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या.

उपवासाचंही यातच पाहू. श्रावणी सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि नवरात्राचे नऊ दिवस मिळून काही घरांत वर्षाचे साठ-सत्तर दिवस होतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. पोट भरतं, बाकी जे मिळतं ते दाण्याच्या कुटातून. श्रद्धा सोडा असं मी कधी म्हणत नाही. ताट बदला. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, वरईचा भात आणि दाण्याची दाट आमटी, दही, ताक, फळं. राजगिऱ्यात प्रथिनं, लोह, कॅल्शियम तिन्ही आहेत. भगरीचं तयार सुटं पीठ आणू नका. भगर निवडून, धुऊन घरी दळा आणि शिजवलेली लगेच संपवा, कारण बुरशी लागलेल्या भगरीतून विषबाधा होते.

घरातली तेरा-चौदा वर्षांची मुलगी जेवण टाळते, आरशासमोर सारखी पोट चेपते, जेवल्यावर बाथरूममध्ये बराच वेळ जाते, किंवा तिची सुरू झालेली पाळी तीन महिने थांबली आहे, असं दिसलं तर वजनावरून एक शब्दही बोलू नका. डॉक्टर आणि समुपदेशक दोघांनाही भेटा. ‘जाड झालीस’ हे जेवणाच्या ताटावर उच्चारलेलं वाक्य काय करून जातं ते मी फार जवळून पाहिलं आहे.

पायरी चौथी : घरात दारू असेल तर

१८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये, व्हिस्की-रम नेहमीच्या ताकदीची धरली तर, साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी. अडीच भाकऱ्यांएवढी ऊर्जा, पण त्यात प्रथिनं नाहीत, लोह नाही, जीवनसत्त्वं नाहीत. म्हणून पिणाऱ्याची भूक मरते आणि शरीर उपाशीच राहतं. शिवाय दारू आतड्यातून बी-१ (थायमिन) आणि फोलेट नीट शोषू देत नाही, आणि लिव्हर बिघडलं की साठवणही जाते. माणूस चरबीने फुगलेला दिसला तरी आतून कुपोषित असू शकतो, हे नातेवाइकांना पटवणं मला सगळ्यात अवघड जातं.

वहीत तीन गोष्टी लिहा. आठवड्यात किती वेळा आणि किती प्यायली, त्या रात्री जेवण झालं का, आणि त्यावर किती पैसे गेले. शेवटच्या आकड्याला तुमच्या गावातल्या अंड्याच्या भावाने भागा. जे उत्तर येईल तेवढी अंडी त्या आठवड्यात घरात आली नाहीत.

पिणं एका दिवसात सुटत नाही, पण जेवण वाचवता येतं. प्यायच्या आधी, सातच्या सुमारास, वरण-भात-उसळ असं पूर्ण जेवण पुढे ठेवा. उपाशीपोटी प्यायलं की लिव्हर रक्तातली साखर सांभाळू शकत नाही आणि ती रात्रीत धोकादायक उतरू शकते. चकण्यात शेव-फरसाणाऐवजी उकडलेली अंडी, फुटाणे, दाणे ठेवा. सकाळी नाश्ता चुकवू देऊ नका. बी-१ आणि फोलेटच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. पण हे सगळं तात्पुरतं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की सुरक्षित म्हणावी अशी दारूची मात्रा नाही. थंडी पळावी म्हणून बाळंतिणीला किंवा तान्ह्याला चमचाभर ब्रँडी देण्याची जुनी रीत तर आजच बंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. सहा-आठ तासांनंतर हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो. देवाची शपथ घालून, खोलीत कोंडून दारू सोडवण्याचे प्रयोग याच कारणाने जीवघेणे ठरतात. सोडायची ठरली की आधी डॉक्टर. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि घरच्यांनाही तिथे बोलता येतं. माणूस न पिता अडखळत चालायला लागला, डोळे स्थिर राहत नाहीत, बोलण्यात गोंधळ आहे, असं दिसलं तर ‘उतरली नसेल’ म्हणून झोपवू नका. बी-१ च्या तीव्र कमतरतेने मेंदूला इजा होत असते. त्याच रात्री दवाखान्यात नेलं तर ती थांबवता येते.

पायरी पाचवी : अन्न मिळतं का, आणि कोणाला?

रेशन कार्डावरची नावं मोजा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य ठरवून दिलं आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. प्राधान्य कार्डावर धान्य माणशी येतं, म्हणून नवी सून आणि नवं बाळ कार्डावर नसेल तर दर महिन्याला दहा किलो जातात. नावं चढवा, सगळ्यांची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करून घ्या, मशीनची पावती मागा. धान्य कमी तोललं किंवा नाकारलं तर १९६७ वर तक्रार करा.

ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकामावर बाहेर जाणाऱ्यांनी एवढं तरी जाणून घ्यावं की ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे बीडचं कार्ड कोल्हापुरातही चालतं आणि सुरतेतही. कार्डाचा नंबर आणि आधार घेऊन जवळच्या रेशन दुकानात अंगठा द्यायचा. काहींचं धान्य तिकडे आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचं गावातच, असंही उचलता येतं. सुरुवातीच्या ऊसतोडीवाल्या बाईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती सहा महिने फडाजवळच्या दुकानातून उधारीवर पीठ घेत होती आणि गावातलं तिच्या वाट्याचं धान्य तसंच राहत होतं.

पण पाच किलो म्हणजे रोजचे १६५ ग्रॅम धान्य, जेमतेम पावणेसहाशे कॅलरी. डाळ, भाजी, दूध यांची सोय वेगळी करावी लागते. अंगणवाडीतून सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना पूरक आहार मिळतो. गरोदर बाईसाठी त्याचं प्रमाण रोज ६०० कॅलरी असं ठरलेलं आहे. या आहाराचं पाकीट घरी आलं की सगळ्यांत वाटलं जातं आणि तिच्या वाट्याला दोन चमचे येतात. ते तिचं औषध आहे असं समजून तिच्या नावाच्या डब्यात ठेवा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंगणवाडीतच बसून गरम जेवण मिळतं. ती सोय चांगली, कारण तिथे तिला वाढून घेता येतं. स्थलांतर केलं असेल तर जिथे पाल ठोकलं असेल तिथल्या अंगणवाडीत नाव सांगा.

हातात पैसे कमी असतील तर खरेदीचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी डाळ आणि मटकी-चवळी-हरभऱ्यासारखी कडधान्यं, मग शेंगदाणे, मग अंडी, मग हंगामातली पालेभाजी आणि लिंबू. प्रोटीन पावडरीचे डबे आणि मुलांची चॉकलेटी पेयं यादीत नकोत. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी, कर्टुली, घोळ या रानभाज्या मिळतात त्या गावांनी खाव्यात, फक्त ओळख पक्की असलेल्या माणसाकडूनच घ्याव्यात. दारात शेवग्याचं एक झाड असलं तर पाल्याची चिंता मिटते.

पायरी सहावी : लोह अंगी लागावं म्हणून

गुळाने रक्त वाढतं हा समज मी सौम्यपणे पण ठामपणे खोडते. दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, आणि बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. बाजरीची भाकरी, मोड आलेलं कडधान्य, पालेभाजी, अळीव यांतून जास्त मिळतं. त्यावर लिंबू पिळा किंवा आवळा खा, शोषण वाढतं. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, तो लोह अडवतो. कालवण लोखंडी कढईत करा. बी-१२ मात्र दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. कितीही पालेभाजी खाल्ली तरी ते भरून निघत नाही, म्हणून पक्क्या शाकाहारी माणसाने दही-दूध नियमित घ्यावं आणि रक्तातली पातळी पाहावी.

लोहाची गोळी लिहून दिली असेल तर ती चहा-दुधाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. शौच काळसर होतं, त्याला घाबरायचं नाही. गोळी चालू नसताना शौच काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, डोळे पिवळे झाले, पायावर सूज आली, किंवा काहीही न करता सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर ताटाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

महिन्याभराने हिमोग्लोबिन साधारण एकने वाढलेलं दिसायला हवं. नसेल तर गोळीचा ब्रँड बदलण्यापूर्वी पुन्हा वही काढा आणि पेशींचा आकार पाहा. आकडा जागेवर आल्यावरही गोळ्या तीन महिने चालू ठेवायच्या असतात, साठा भरायला तेवढा वेळ लागतो.

आणि वही सुरू करायच्या पहिल्याच संध्याकाळी एक करा. भाकऱ्या थापून झाल्या की कुणालाही वाढण्याआधी थापणारीच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळ वेगळ्या ताटात काढून झाकून ठेवा. मागून कुणी अर्धी मागितली, तर नवीन थापायची, त्या ताटातली द्यायची नाही.